पळसाला पाने तीनच?

नागपूरच्या आसपास फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा झाडावर पान जवळपास नसतेच. म्हण मात्र पानांचीच आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती तीन पाने मिळून एकच पान होते. ओळखायचे कसे? देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात कळी असते. तिन्ही तुकड्यांच्या बुडाशी ती नसते. म्हणून त्या पर्णिका. वर्गीकरण अशाच खुणांवर चालते.

नुसत्या रंगावर गेलो तर पळस आणि पांगारा एकाच खात्यात पडतील. दोघांची फुले भडक, दोघांना पर्णिका तीन, दोघेही शेंगांच्या कुलातले. अठराव्या शतकात फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्कने पळसाला नाव दिले, तेही पांगाऱ्याच्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घालूनच: एरिथ्रिना मोनोस्पर्मा. पण पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे असतात, पळसाला नसतात. पांगाऱ्याच्या फुलात वरची पाकळी सगळ्यांत मोठी. पळसात खालच्या दोन पाकळ्या जुळून पोपटाची चोच होते. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात ते यावरूनच. पांगाऱ्याच्या शेंगेत बिया अनेक, पळसपापडीत टोकाशी एकच.

म्हणून पळस ब्युटिया प्रजातीत गेला. प्रजाती बदलली की नावातला पहिला शब्द बदलतो, दुसरा मात्र सर्वांत जुना असेल तोच राहतो. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीजी. तो टिकला, आणि नेमका बसतो. जुन्या पुस्तकांत भेटणारे ब्युटिया फ्रॉन्डोसा हे नाव नंतरचे, म्हणून ते आता केवळ पर्यायी. पूर्ण नावात लामार्कचे नाव कंसात येते. कंसाचा अर्थ एवढाच: जातीचे नाव याने दिले, पण वेगळ्या प्रजातीत.

नाव शेवटी एका आधारनमुन्याला बांधलेले असते: जातीचे नाव एका जपलेल्या नमुन्याला, प्रजातीचे एका ठरलेल्या जातीला. बाभळीचे नाव बदलले ते यामुळेच. अकेशिया या प्रजातीचा आधार आपल्या बाभळीवर, म्हणजे अकेशिया निलोटिकावर होता. त्या गटातल्या सुमारे हजार जाती ऑस्ट्रेलियात, म्हणून २००५च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने आधार तिथल्या जातीकडे नेला आणि बाभूळ व्हॅशेलिया निलोटिका झाली. झाड तेच, म्हणून रोपवाटिकेच्या यादीत दोन्ही नावे सापडली तर दोन झाडे समजू नयेत.

पळसाचा वाळवून कागदावर लावायचा नमुना करताना अनेकांची एक चूक होते: फुले घेतात आणि काम संपले म्हणतात. पानांशिवाय तो नमुना अर्धाच. झाडाला खूण करून ठेवावी आणि पालवी पुरती पिकली की त्याच झाडाकडे परत जावे. कागद साधारण ४२ × २८ सेंटीमीटरचा असतो आणि देठासकट पान त्यात मावत नाही. देठ दुमडावा, पर्णिका कापू नये. कापली तर तीन होत्या की पाच, पुढच्याला कळणार नाही. एक पान उलटे ठेवावे, खालची लव दिसली पाहिजे. पाकळ्या जाड आणि मखमली, पाणी धरून ठेवतात. पहिले काही दिवस टिपकागद रोज बदलला नाही तर त्या काळ्या पडतात. मार्चच्या कोरड्या हवेत हे सोपे जाते, पावसाळ्यात पानांवर बुरशी धरते. फुलाचा रंग, झाडाची उंची, ठिकाण आणि तारीख तिथल्या तिथे लिहावी, कारण वाळलेल्या फुलात केशरी रंग टिकत नाही. फुलांच्या आणि पानांच्या कागदावर तारखा दोन येतील, झाडाचा क्रमांक मात्र एकच.