भूमिकेत शिरणे म्हणजे स्वतःला विसरणे नव्हे
नटाने स्वतःला विसरावे आणि रडायचे असेल तर आपलेच जुने दुःख उकरून काढावे, ही रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कींची शिकवण असल्याचा समज अभिनय-शिबिरांतून वर्षानुवर्षे फिरतो आहे. (स्वतःला विसरलेला नट प्रकाशझोतात नेमका उभा राहणार कसा, हे कोणी विचारत नाही.) भावनास्मृतीचे, म्हणजे आठवणीतली स्वतःची भावना भूमिकेसाठी जागवण्याचे, प्रयोग त्यांनी केले हे खरे, परंतु १९३४ मध्ये पॅरिसला अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर त्यांना भेटल्या, तेव्हा स्तानिस्लावस्कींचा भर पात्राची परिस्थिती आणि शारीरिक कृती यांवर होता. भावनास्मृतीला केंद्रस्थानी ठेवले ते न्यूयॉर्कचे अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी. शारीरिक कृतीवर भर म्हणजे काय, तर हरवलेली किल्ली शोधण्याच्या प्रसंगात नटाने घाबरल्याचा आव आणू नये. खिसे खरोखर चाचपावेत, उशी उचलून पाहावी, म्हणजे धास्ती आपसूक चेहऱ्यावर उतरते.