पीडीएफचं चिन्ह दिसलं म्हणजे फाइल पीडीएफच, असं नाही

सोलापुरात चादर-टॉवेलच्या धंद्यात एक समज घट्ट बसलाय: मेलला जोडलेल्या फाइलवर पीडीएफचं चिन्ह आहे, अँटीव्हायरस गप्प आहे, मग उघडायला हरकत नाही. हे साफ चूक आहे.

चिन्ह कुठलंही लावता येतं. वर विंडोज मूळ सेटिंगमध्ये नावाची शेवटची अक्षरं लपवतं. ‘ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर ‘ऑर्डर डॉट पीडीएफ’ अशी दिसते आणि क्लिक केलं की प्रोग्रॅम चालू होतो. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या प्रत्येक ऑफिसात हे आजच व्हावं. शेवटी ईएक्सई, जेएस, व्हीबीएस किंवा एससीआर असेल तर हात लावू नका. शॉर्टकट फाइलची अक्षरं मात्र तरीही लपलेलीच राहतात; तिथे ‘टाइप’चा रकाना पाहा, ‘शॉर्टकट’ लिहिलेलं असेल तर उघडू नका.

अँटीव्हायरस गप्प का? झिपला, म्हणजे फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याला, पासवर्ड असला की मेलच्या स्कॅनरला सहसा आतलं दिसत नाही. म्हणूनच भामटे झिपला पासवर्ड लावतात आणि तो त्याच मेलमध्ये लिहून पाठवतात. ही मोठी खूण समजा.

मेल जुन्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या पत्त्यावरून आली तरी त्याचं खातं चोरलेलं असू शकतं. आपल्या वहीतल्या नंबरवर फोन करून विचारा, मेलमधल्या नव्हे.

अशी फाइल उघडलीच असेल तर आधी लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.