मले वाटलं त्याच्या आंधीच बॉल आला

मागच्या पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय फुटबॉल स्पर्धेत आमच्या चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. मुलींना घेऊन जायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि पाणी पाजणारा ही तिन्ही कामं माझ्याकडे आली. २०-२० मिनिटांचे दोन हाफ. आम्ही एका गोलने मागे. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा मी १४ नंबरच्या मुलीला उतरवलं. दोन महिने ती रोज सायकल मारत सरावाला आली होती, आणि आधीचे दोन्ही सामने तिने बाभळीखालच्या सतरंजीवर बसून काढले होते. ती आत गेली, तिच्याकडे एक साधा सरळ पास आला आणि पायाखालून सरकून रेषेबाहेर गेला. कडेला उभ्या असलेल्या एका पालकाने लगेच आवाज दिला, "कायले उतरवलं तिले?"

परतताना काळीपिवळीत ती माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मले वाटलं त्याच्या आंधीच बॉल आला ना सर."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. कारण आपला मेंदू हालचाल कशी शिकतो याबद्दल गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे कळलं, त्याचं सार त्यात आहे. आणि आपण सगळेच ज्या समजुतीवर संघ चालवतो, ती या वाक्यापुढे टिकत नाही. ती समजूत अशी, की पोरीने आधी सरावात तयार व्हावं, मग तिला सामन्यात खेळवू. म्हणजे पोहणं आलं की मगच विहिरीत उतर.

आधी एक छोटं गणित. डोळ्यावर प्रकाश पडल्यापासून तो संदेश मेंदूत जाऊन, तिथून स्नायूला हुकूम सुटून पाय हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. मुलींच्या सामन्यातला बऱ्यापैकी जोरातला पास सेकंदाला १० मीटर धावतो. म्हणजे तेवढ्या वेळात चेंडू २ मीटर पुढे आलेला असतो. डोळ्यांनी पाहून मग पाय टाकायचा म्हटलं तर चेंडू कायमचा हुकणार. मेस्सीचाही हुकेल, कारण त्याच्याही चेतातंतूंचा वेग काही जगावेगळा नाही. चेंडू अडतो तो यासाठी, की मेंदू डोळ्यांची वाट न पाहता 'आता चेंडू इथे असेल' असा अंदाज आधीच बांधून पाय तिकडे पाठवतो.

हा अंदाज बांधण्यात मोठा वाटा आहे तो मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात आणि 'तोल सांभाळणे' एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण करतात. मला याचा फार राग येतो. वजनाने हा भाग आख्ख्या मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण माणसाच्या मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या इथे आहेत. निसर्गाने एवढी गर्दी नुसता तोल सांभाळायला केलेली नाही.

इथली नायिका म्हणजे पुर्किंये पेशी. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये याने १८३७ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. तिचा फांद्यांचा पसारा पिंपळपानाच्या जाळीसारखा सपाट असतो. या जाळीतून, विजेच्या खांबांवरून तारा जाव्यात तसे समांतर तंतू जातात, आणि एकेका पेशीशी त्यांचे लाखभर, कधी त्याहून जास्त जोड असतात. पाय कुठे आहे, मान किती वळली आहे, चेंडू कुठून येतो आहे, मी कोणता हुकूम सोडला आहे, ही सगळी खबर या तंतूंवरून येते. पेशी सेकंदाला पन्नासच्या वर ठोके, म्हणजे विजेचे बारीक झटके, देत असते, आणि खबर येईल तसे ते कमीजास्त होतात.

आता गंमत बघा. या लाखाच्या बाजारात प्रत्येक पुर्किंये पेशीला एकच, फक्त एकच, वेगळा तंतू येऊन मिळतो. कडुनिंबावर गुळवेल चढावी तसा तो तिच्या खोडाला आणि फांद्यांना वेढून वर जातो. त्याचं नावच आरोही तंतू. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातल्या ऑलिव्ह नावाच्या केंद्राकडून. हा एरवी मौनी बाबा, सेकंदाला सरासरी एखादाच ठोका देतो. पण त्याचा एक ठोका सगळी पेशी हादरवून सोडतो. इतका अबोल गडी आणि त्याचा आवाज एवढा मोठा, तर तो सांगतो तरी काय?

डेव्हिड मार या इंग्रज तरुणाने १९६९ मध्ये आणि जेम्स आल्बस या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये स्वतंत्रपणे असा तर्क मांडला, की हा तंतू शिकवण्याचं काम करतो. आल्बसचं म्हणणं असं, की तो 'चुकलं' एवढंच सांगतो. १९७७ मध्ये गिल्बर्ट आणि थॅच यांनी माकडांवर प्रयोग केला. माकडाने एक दांडा धरून ठेवायचा, आणि त्याच्यावरचा भार अचानक बदलायचा. माकडाचा अंदाज चुकला, हात भलतीकडे गेला, की आरोही तंतूचे ठोके वाढत. पुन्हा पुन्हा करून हात सरावला, की ते ठोके परत मंदावत. पुढे १९८२ मध्ये जपानचे मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आरोही तंतूचा ठोका पडतो त्या सुमारास जे समांतर तंतू बोलत असतात, त्यांचे पेशीशी असलेले जोड कमजोर होतात, आणि ते तसेच राहतात. म्हणजे ज्या खबरीमुळे चुकीचा हुकूम सुटला, तिचंच वजन कमी होतं. हे निंदणासारखं आहे. नवं काही पेरायचं नाही, तासातलं तण तेवढं उपटायचं, म्हणजे पराटी (कपाशी) आपोआप वर येते.

यातही बारकावा आहे. चूक झाल्याची खबर चुकीनंतर पोचते, मग दोषी तंतू कोणते हे पेशीला कसं कळावं? उंदरांच्या लहान मेंदूच्या एका भागात २०१६ मध्ये असं आढळलं, की तिथे साधारण १२० मिलिसेकंद आधी बोललेल्या तंतूंचेच जोड कमजोर होतात, आणि डोळ्यांकडून चूक झाल्याची खबर यायला तिथे लागणारा वेळही तेवढाच. उशीर किती होणार हे पेशीला जणू पाठ आहे! (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या. मला मात्र तो लिहिल्याशिवाय राहवलं नाही. जोड कमजोर होण्याखेरीज लहान मेंदूत शिकण्याच्या आणखीही तऱ्हा आहेत, पण त्यात शिरलो तर फुटबॉल राहूनच जाईल.)

आता सतरंजीवर बसलेल्या १४ नंबरकडे या. आरोही तंतू बोलतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला तर. त्यासाठी आधी अंदाज बांधावा लागतो, स्वतःचा पाय टाकावा लागतो आणि तो चुकावा लागतो. नुसतं पाहून काहीच कळत नाही असं मी म्हणणार नाही. जागा कशा घ्यायच्या, कोण कुठे पळतं, हे पाहूनही उमगतं. पण चेंडू पायाला कधी लागेल हे दुसरीच्या पायावरून कळत नाही.

सरावात चेंडू लागतोच की, असं कोणी म्हणेल. लागतो, पण कसा? आम्ही दोन रांगा करून समोरासमोर पास द्यायचो. तोच वेग, तेच अंतर, अंगावर धावून येणारं कोणी नाही. दहाव्या पासला अंदाज जुळतो, आरोही तंतू गप्प होतो, आणि पुढचे नव्वद पास म्हणजे नुसता घाम. १९७८ मध्ये कर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना दाण्याच्या छोट्या पिशव्या नेमावर फेकायला लावल्या. एका गटाने कायम ३ फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरून केला, ३ फुटांवरून एकदाही नाही. बारा आठवड्यांनी ३ फुटांवरून परीक्षा घेतली, तर दुसरा गट सरस ठरला! ज्याचा सराव केला तेच नीट येतं हा आपला हिशोब इथे चुकतो. सामना म्हणजे असा २ फूट-४ फुटांचा सराव, प्रत्येक पास निराळा.

आमच्या काळ्या मातीच्या मैदानाला मी पूर्वी शिव्या द्यायचो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे ऑगस्टात चेंडू रुततो आणि हिवाळ्यात उड्या मारतो. आता वाटतं, आरोही तंतूला कामाला लावायला याहून चांगलं मैदान नाही. घोट्यांचं काय होतं तो भाग वेगळा, आणि भेगा बुजवल्याशिवाय मी आता खेळू देत नाही.

यात वयाचा एक पेच आहे. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती बाराव्या वर्षाच्या आसपास, वर्षाला ८ सेंटिमीटरच्या घरात. मुलांमध्ये हेच दोनेक वर्षं उशिरा येतं. पाय लांबला म्हणजे लहान मेंदूतला जुना हिशोब शिळा झाला. कालपर्यंत नीट खेळणारी मुलगी अचानक अडखळते, चेंडू अंगाला लागून उडतो. घरी म्हणतात, हिचं लक्ष नाही. गावात त्यात पाळीची भर पडते. 'उड्या मारल्या तर पुढे मूल होणार नाही' असं सांगणारी एखादी काकू प्रत्येक वाड्यात असते. त्याला काडीचा आधार नाही. पण काकूचं ऐकून पोर घरी बसते, आणि जी मैदानावर येते तिला मी बाहेर बसवतो. हिशोब नव्याने मांडायला चुका सर्वांत जास्त हव्यात, त्याच वर्षी आम्ही दोघं मिळून त्या बंद करतो.

मग निवडतो कोणाला? शालेय स्पर्धेत वयाची रेघ १ जानेवारीची. जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली एकाच गटात. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे चांगलंच अंतर. कॅनडातल्या आइस हॉकीत वरच्या पातळीवर वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा आहे, हे रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. फुटबॉलमध्येही तेच दिसतं, मुलींमध्ये जरा कमी. आमच्या पिढीत हे तपासताच आलं नसतं, कारण गुरुजींनी अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनला लावून दिला होता. थोडी मोठी दिसते म्हणून निवडली, निवडली म्हणून खेळली, खेळली म्हणून शिकली, आणि वर्षाने आपण म्हणतो, "बघा, मी तेव्हाच ओळखलं होतं." पैशाकडे पैसा जातो तशी मिनिटांकडे मिनिटं जातात.

ओळखण्याच्या या हौसेला वरपर्यंत अंत नाही. भारताच्या पुरुष संघाच्या निवडीत ज्योतिषाचा सल्ला घेतल्याच्या बातम्या २०२३ मध्ये छापून आल्या होत्या. ग्रहांनी अकरा जण निवडायचे तर माझ्या डोळ्याच्या अंदाजाला तरी का हसायचं!

त्या डोळ्याने मी आणखी एक फसगत करून घेतली होती. दोन मुलींना 'दम नाही' म्हणून मी बसवून ठेवायचो. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर दोघींचंही हिमोग्लोबिन कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे मी खेळाडू निवडत नव्हतो, रक्तातलं लोह मोजत होतो, तेही डोळ्यांनी. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. त्याची तपासणी झालेली असावी, आणि वाहक मुलगी असेल तर उन्हात पाणी आणि विश्रांतीत हयगय नको. एवढी काळजी घेतली की वाहक मुलीही खेळू शकतात.

वेळ पुरणार कसा, असं विचारतात. ४० मिनिटं गुणिले ११ म्हणजे ४४० मिनिटं. त्याला १६ मुलींनी भागा, प्रत्येकीच्या वाट्याला साडेसत्तावीस मिनिटं येतात. अमेरिकेत १९६४ पासून चाललेल्या आयसो या मुलांच्या फुटबॉल संस्थेत प्रत्येक मूल निदान अर्धा सामना खेळलंच पाहिजे असा नियमच आहे. नॉर्वेत तर अकराव्या वर्षाआधी गुणतक्ता लावायलाच बंदी. नॉर्वेच्या महिलांनी १९९५ चा विश्वचषक जिंकला तो यामुळे असं मी म्हणणार नाही, पण त्यांचं काही बिघडलेलंही दिसत नाही. आमचं खरं दुखणं बाद पद्धतीचं आहे. १६ संघ आले की ८ संघ एक सामना खेळून घरी. चार-चारचे गट केले तर प्रत्येकाला तीन सामने मिळतात. एकूण सामने वाढतात हे खरं, पण अर्ध्या मैदानावर सात-सात जणी खेळवल्या तर एका वेळी दोन सामने होतात, आणि चेंडूही प्रत्येकीच्या पायाला जास्त वेळा लागतो.

यंदा तालुक्याचं वेळापत्रक माझ्या हातात नव्हतं, पण बदली खेळाडूंची पाटी होती. सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात बसून फळ्यावर मिनिटं वाटून घेतली. हिशोब मुलींनीच केला, साडेसत्तावीसमधल्या 'साडे'वरून भांडणही झालं. दर दहा मिनिटांनी बदल म्हणून मी मोबाइलवर गजर लावला, आणि तो पहिल्यांदा वाजला तेव्हा १४ नंबर धावत आत गेली. तिच्याकडे आलेला पहिला पास पुन्हा पायाखालून गेला. दुसरा नडगीला लागून उडाला. चौथा की पाचवा तिने अडवला आणि भलत्याच मुलीला दिला. पालक ओरडत होतेच. पंचांनी मात्र खेळ थांबवून मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सर, तो गजर बंद करा बा. पोरीयले वाटते माही शिट्टी वाजली."