उदरातील कर्करोग : वेदनाशमन आणि वैद्यकीय चाचण्या

जठर, स्वादुपिंड, यकृत, पित्ताशय, मोठे आतडे, अंडाशय आणि उदरपटल (पोटाच्या आतले अस्तर) यांत उद्भवणाऱ्या किंवा तेथे पसरलेल्या कर्करोगांना ढोबळमानाने उदरातील कर्करोग म्हटले जाते. या रोगांवरील वैद्यकीय चाचण्यांत रुग्ण किती जगला आणि गाठ किती आटली, ही दोनच मापे बराच काळ चालत आली. वेदना किती उतरली, हे माप उशिरा आले. अंथरुणावरच्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी मात्र तेच सर्वांत निकडीचे असते.

गोव्यात या रुग्णांचा मुख्य आधार बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकशाळेचा वारसा या संस्थेकडे आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे रुग्ण येथे येतात, तसेच सावंतवाडी-दोडामार्गकडचेही. काही विशेष उपचारांसाठी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते.

वेदना कुठून येते

पोटातल्या अवयवाची वेदना विचारली तर रुग्ण बोट ठेवत नाही, तळहात पोटावरून फिरवतो. उदरपटल किंवा पोटाची भिंत रोगाने धरली असेल, तर तोच रुग्ण नेमके बोट ठेवतो. ही साधी खूण महत्त्वाची आहे, कारण दोन्ही वेदनांचे मज्जातंतू वेगळे आणि उपायही वेगळे. स्वादुपिंडाचे दुखणे बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत निघते, उताणे झोपल्यावर वाढते आणि पुढे वाकल्यावर हलके होते. असे रुग्ण रात्र उशीला कवटाळून बसून काढतात. यकृत सुजून त्याचे आवरण ताणले गेले, तर उजव्या बरगडीखाली आणि खांद्यात दुखते. तेथे डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड ४ ते ८ मि.ग्रॅ. सकाळी दिल्यास बहुधा उतार पडतो. संध्याकाळी दिल्यास झोप उडते.

एक कारण वारंवार नजरेतून सुटते. स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात पोहोचत नसेल, तर जेवणानंतर पोट फुगते, कळा येतात आणि तेलकट, तरंगणारा मल होतो. हे दुखणे मॉर्फीन वाढवून जात नाही. त्यावर उपाय पॅन्क्रिएटिन या पाचकद्रव्याच्या कॅप्सूलचा : मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार एकक, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर आणि उरलेल्या जेवणाच्या मध्यावर घ्यायच्या. शीत (भात) आणि नारळाच्या रसातले हुमण (माशांची आमटी) हे गोव्यातले रोजचे जेवण स्निग्धच असते, म्हणून येथे ही चूक लवकर भोवते. नारळ बंद करण्याची गरज नसते, मात्रा पुरेशी लागते. गरम पेजेत कॅप्सूल फोडून टाकली तर पाचकद्रव्य वाया जाते.

वेदना हेच माप

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने या विषयाला वळण दिले. स्वादुपिंडाचा पुढे गेलेला कर्करोग असलेल्या १२६ रुग्णांपैकी काहींना जेमसायटाबिन आणि काहींना ५-फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगावरचे औषध दिले गेले. यशाचे माप आधीच ठरवलेले होते : वेदना किंवा वेदनाशामकाचा खप निम्म्याने उतरावा, अथवा रुग्णाची हालचाल ठरावीक गुणांनी सुधारावी. ही सुधारणा किमान चार आठवडे टिकावी आणि बाकी कशातही घसरण होऊ नये. औषध सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाची वेदना वेदनाशामकांनी स्थिर करून घेतली होती, अन्यथा फरक कशाने पडला हे कळले नसते. जेमसायटाबिनने २३.८ टक्के रुग्णांना हा लाभ झाला, दुसऱ्या औषधाने ४.८ टक्के. आयुर्मानातला फरक मात्र थोडका होता : मध्यक ५.६५ महिने विरुद्ध ४.४१ महिने.

२०११ मध्ये ३४२ रुग्णांवरच्या फ्रेंच चाचणीत फॉल्फिरिनॉक्स या चार औषधांच्या मिश्रणाने मध्यक आयुर्मान ६.८ वरून ११.१ महिन्यांवर नेले. औषधाचे दुष्परिणाम जास्त होते, तरीही सहा महिन्यांनंतर जीवनमान कायमचे खालावलेले रुग्ण या गटात ३१ टक्के होते आणि जेमसायटाबिनच्या गटात ६६ टक्के. रोग आटोक्यात आला की दुखणेही आवरते, असा याचा सरळ अर्थ. पण त्या चाचणीत ७५ वर्षांपर्यंतचे, चालते-फिरते रुग्णच घेतले होते. दिवसाचा बराच वेळ पडून असलेल्या, वजन झडलेल्या ज्येष्ठ रुग्णाला ते आकडे लावणे अन्यायाचे ठरते.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या कर्करोगावर दिल्लीच्या एम्समधील ८१ रुग्णांच्या चाचणीने (२०१०) जेमसायटाबिन-ऑक्झॅलिप्लॅटिनचा आधार पक्का केला : मध्यक आयुर्मान ९.५ महिने, तर केवळ आधारोपचारावर ४.५ महिने. जठराच्या शस्त्रक्रियायोग्य कर्करोगात फ्लॉट ही औषधमिश्रणाची पद्धत आता प्रस्थापित आहे.

सीलिअॅक ब्लॉक

वरच्या पोटातील अवयवांच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतूंचे जाळे महाधमनीच्या पुढ्यात, बाराव्या वक्षीय आणि पहिल्या कटिमणक्याच्या पातळीवर असते. ते अल्कोहोलने निकामी करणे म्हणजे सीलिअॅक ब्लॉक. पाठीतून सुई घालण्याची पद्धत माक्स काप्पिस या जर्मन शल्यचिकित्सकाने १९१४ मध्ये मांडली.

रुग्णाच्या रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि बिंबिका (प्लेटलेट) आधी पाहतात, रक्त पातळ करणारी औषधे थांबवतात आणि शिरेतून ५०० मि.लि. ते १ लिटर सलाईन देतात. रुग्णाला पालथे झोपवून बाराव्या बरगडीखाली, मध्यरेषेपासून सुमारे ७ सें.मी. अंतरावरून १५ सें.मी. लांबीची सुई क्ष-किरण किंवा सी.टी.च्या साहाय्याने मणक्याच्या पुढच्या कडेपर्यंत नेतात. रंगद्रव्य नीट पसरले आणि ते रक्तवाहिनीत गेले नाही, याची खात्री केल्यावर भूल देणारे औषध आणि त्यामागून ५० ते १०० टक्के अल्कोहोल सोडतात; एकूण २० ते ४० मि.लि. आता जठरात दुर्बीण घालून अंतर्गत सोनोग्राफीनेही हे काम होते.

अल्कोहोलने पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. म्हणून रुग्णाने पहिले बारा तास पडून राहावे, उठताना आधी काठावर बसावे. जुलाब लागतात, पण मॉर्फीनने बद्धकोष्ठ झालेल्याला ते काही दिवस सुसह्यच असतात. १९९५ मध्ये २४ अभ्यासांतील १,१४५ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. सुईच्या जागी दुखणे ९६ टक्क्यांना, जुलाब ४४ टक्क्यांना आणि रक्तदाब उतरणे ३८ टक्क्यांना आढळले. दोन्ही पाय लुळे पडणे हा सर्वांत भीतीदायक धोका. २,७३० ब्लॉकच्या ब्रिटिश पाहणीत असे गंभीर प्रकार ६८३ मध्ये एक इतके होते. हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

ब्लॉक फसतो तो बहुधा उशीर झाल्यामुळे. गाठीने महाधमनीभोवतीची जागा भरून टाकली की अल्कोहोल पसरायला वावच राहत नाही. उदरपटल धरले गेले असेल, तर सुई अचूक पडूनही दुखणे उरते. यशस्वी ब्लॉकनंतर मॉर्फीन एकदम बंद करू नये, तसेच जुनी मात्राही चालू ठेवू नये : वेदना गेली की तीच मात्रा जड होते आणि श्वास मंदावतो. रोज पाहून टप्प्याटप्प्याने उतरवावी.

अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात ब्लॉकच्या सहा चाचण्या आणि ३५८ रुग्ण होते. चार आठवड्यांनी ब्लॉक केलेल्या आणि न केलेल्या गटांत दहा गुणांच्या पट्टीवर वेदनेतला फरक अवघा ०.४२ गुण दिसला, मॉर्फीनसदृश औषधांचा खप मात्र स्पष्टपणे कमी होता. यावरून ब्लॉक निरुपयोगी ठरवणे चूक आहे. दोन्ही गटांना हवे तितके वेदनाशामक मिळत होते, त्यामुळे वेदना दोघांचीही आवरली. जेथे मॉर्फीन हाताशी नाही, तेथे ब्लॉकचे मोल या आकड्यात मावत नाही.

मॉर्फीन घरी

तोंडाने घ्यायचे मॉर्फीन घड्याळाप्रमाणे द्यायचे असते, दुखेपर्यंत थांबायचे नसते. १० मि.ग्रॅ. मात्रा ठरली असेल, तर सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ ला एकेक गोळी आणि रात्री १० ला दोन, म्हणजे झोपमोड होत नाही. दिवसाचे झाले ६० मि.ग्रॅ.; मध्येच कळ आली तर त्याचा सहावा भाग, १० मि.ग्रॅ., जादा. वृद्धांत सुरुवात २.५ ते ५ मि.ग्रॅ.ने करतात. मूत्रपिंड कमजोर असेल, तर मॉर्फीनचे अवशेष साठून गुंगी आणि स्नायूंना झटके येतात. तेव्हा फेंटॅनिल हे दुसरे मॉर्फीनसदृश औषध बरे. पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू केले नाही, तर आठवड्याभरात पोट फुगते आणि घरचे मॉर्फीनच बंद करतात. मॉर्फीन चालू असताना मद्य वर्ज्य, यात हुर्राक (काजूची हलकी दारू) आणि फेणीही आली.

फेंटॅनिलची पट्टी ७२ तासांनी बदलतात. तिचा असर यायला १२ तास तरी लागतात, म्हणून तोवर गोळ्या चालू ठेवतात. ताप असताना किंवा शेक दिल्यास औषध जास्त वेगाने शिरते. एप्रिल-मेच्या घामात पट्टीची कड सुटते. कातडी साबणाऐवजी नुसत्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून पट्टी तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरावी.

आतडे तुंबून उलट्या होत असतील, तर कळांवर हायोसीन ब्यूटिलब्रोमाइड देतात आणि पूर्ण अडथळ्यात आतड्याची हालचाल वाढवणारे मेटोक्लोप्रमाइड टाळतात. ऑक्ट्रिओटाइड या महागड्या इंजेक्शनवर मोठा विश्वास होता. पण २०१५ च्या ८७ रुग्णांच्या चाचणीत दिवसाला ६०० मायक्रोग्रॅम देऊनही उलटीविना गेलेले दिवस वाढले नाहीत. खर्चाचा विचार करताना हे घरच्यांना सांगावे.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसह सहा औषधे अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. तरी जवळच्या औषधालयात ती मिळतीलच असे नाही, म्हणून सत्तरी किंवा सांग्यासारख्या तालुक्यांतील रुग्णाने साठा पाच-सहा दिवसांचा उरला असतानाच बांबोळीची फेरी ठरवावी.

चाचणीत सहभागी होताना

भारतात चाचणीची नोंद भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत रुग्ण घेण्यापूर्वी करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली असून ती कोणालाही मोफत पाहता येते. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवे. गोव्यात याचा अर्थ मराठी आणि कोकणी दोन्ही, शिवाय काही रुग्णांसाठी रोमी (रोमन) लिपीतील कोकणी. वेदनेच्या ० ते १० या पट्टीचेही तसेच : दहा म्हणजे काय, हे रुग्णाच्या बोलीत समजावल्याशिवाय कित्येक जण सौजन्यापोटी पाचच सांगतात. 'रात्री किती वेळा जाग आली' हा प्रश्न जोडीला विचारला की खरे चित्र कळते.

गंभीर दुष्परिणाम घडल्यास संशोधकाने २४ तासांत कळवणे बंधनकारक आहे, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई देय असते. रुग्णाला चाचणी कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता सोडता येते. तसे केल्याने त्याचे नेहमीचे उपचार आणि मॉर्फीन थांबत नाही. संमतीपत्राची सही केलेली प्रत आणि संशोधकाचा फोन क्रमांक घरी, औषधांच्या डब्यातच ठेवावा.