पीई ५ म्हणजे शेअर स्वस्त? साखरेत उलटंच असतं

बेळगाव-चिकोडी-निपाणी भागात शेअरच्या गप्पांत ‘पीई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) कमी म्हणजे शेअर स्वस्त’ हा समज पक्का आहे. साखर कंपन्यांना तो लावू नका. समजा, तेजीच्या वर्षी भाव ३०० आणि प्रतिशेअर नफा ६०, पीई ५. पुढच्या हंगामात ऊस घटला, नफा १० वर आला, भाव १८०. पीई झाला १८, म्हणे ‘महाग’. भाव तर ४० टक्के उतरलेला! म्हणून भावाला ७ ते १० वर्षांच्या सरासरी नफ्याने भागा. जमीन विकून आलेला एकवेळचा नफा आधी वगळा, नाहीतर सरासरीही फसवते. कंपनीच्या बाजारमूल्यात तिचं कर्ज मिळवून गुणोत्तर काढत असाल तर आणखी जपून: ३१ मार्चला गाळप संपत आलेलं, गोदामं भरलेली, त्यामुळे खेळत्या भांडवलाचं (माल विकला जाईपर्यंत काम चालवायला घेतलेलं) कर्ज फुगलेलं दिसतं. साठा बराच उतरल्यानंतरचा, सप्टेंबरचा ताळेबंदही शेजारी ठेवा.