होडीच्या कवचातील ओलीची दुरुस्ती

होडीच्या कवचात, म्हणजे तिच्या बुडात व बाजूंत मुरलेली ओल काढून, संपूर्ण कवच न बदलता बाधित तेवढाच भाग पूर्ववत करण्याची पद्धत. ती फायबरच्या आणि लाकडी अशा दोन्ही होड्यांना लागू पडते.

होड्या खाऱ्या पाण्याने खराब होतात, असा सर्वसाधारण समज आहे. ओलीच्या बाबतीत मात्र गोडे पाणी अधिक त्रासदायक ठरते. फायबरच्या होडीवरील जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा लेप, पूर्णपणे जलरोधक नसतो. त्यातून पाणी अतिशय मंद गतीने आत झिरपते आणि पॉलिएस्टर रेझिनमधील (फायबरचे थर जोडणाऱ्या राळेतील) विद्राव्य घटकांशी मिळून आम्लधर्मी द्रव तयार होतो. हा द्रव बाहेरच्या पाण्याहून अधिक संहत (दाट) असल्याने परासरणाने, म्हणजे पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे पाणी जाण्याच्या क्रियेने, आणखी पाणी ओढून घेतो, आतला दाब वाढतो आणि जेलकोटवर फोड येतात. गोड्या पाण्यात क्षार कमी असल्याने संहतीतील हा फरक वाढतो व क्रिया अधिक वेगाने होते. लाकडाच्या बाबतीतही मीठ कुजवणाऱ्या बुरशीला काही अंशी रोखते. गोड्या पाण्यात हे संरक्षण मिळत नाही. म्हणून खडकवासला, पानशेत यांसारख्या जलाशयांत सतत पाण्यात राहणाऱ्या होड्यांची पाहणी समुद्रातील होड्यांइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. पुण्यातील मुळा नदीकाठच्या बोट क्लबांतील शर्यतीच्या होड्या वापरानंतर उचलून मांडणीवर ठेवल्या जात असल्याने त्यांना असे फोड क्वचितच येतात.

पाहणी करताना लहान हातोडीच्या दांड्याने कवच ठोकून पाहतात. घट्ट भागातून खणखणीत आवाज येतो, ओल्या किंवा थर सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो. ओल मोजण्याच्या यंत्राची नोंद धातू व जुन्या रंगामुळे चुकू शकते, म्हणून तिची तुलना त्याच होडीच्या पाण्यावरील कोरड्या भागाशी करावी. फोड उघडताना चष्मा घालणे आवश्यक आहे, कारण दाबाखालचा द्रव जोराने उडतो. त्याला बहुधा व्हिनेगरसारखा वास येतो.

दुरुस्तीचा खरा कस वाळवण्यात लागतो. फोड घासून उघडल्यावर खळगे स्वच्छ गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावे लागतात, कारण आत उरलेला द्रव हवेतील ओलही खेचत राहतो. त्यानंतर कवच काही आठवडे, प्रसंगी काही महिने कोरडे होऊ द्यावे. पुण्यात मार्च-एप्रिलमधील कोरड्या दुपारी यासाठी उत्तम असतात. उन्हाळी सुटीतल्या कमाईसाठी हे काम पावसाळ्यावर ढकलण्याचा मोह होतो, पण दमट हवेत कवच वाळत नाही आणि इपॉक्सीवर (दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या रेझिनवर) मेणचट थर येऊन पुढचा लेप नीट धरत नाही. वाळल्याची खात्री करण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने कवचावर चिकटवून एक दिवस उन्हात ठेवावा. आतून थेंब साचले, तर थांबावे.

कोरड्या खळग्यांत इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपरने सपाट करून, वर इपॉक्सीचे अनेक हात देतात. नुकसान फायबरच्या कापडाच्या थरांपर्यंत गेले असेल, तर कडा जाडीच्या सुमारे १२ पट उतरत्या घासून घ्याव्यात: ५ मिमी जाडीला ६० मिमी उतार. इपॉक्सीचा हात तापमान उतरू लागल्यावर, दुपार ढळताना द्यावा. सकाळी तापत्या कवचातील हवा प्रसरण पावून लेपात बुडबुडे आणते.

फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा (एक हलके लाकूड) किंवा प्लायवुडचा गाभा असलेल्या होडीत पाणी बहुतेक वेळा स्क्रूच्या छिद्रांतून शिरते. छिद्र मोठे करून, भोवतीचा ओला गाभा खरवडून, वाळवून, घट्ट इपॉक्सी भरावी व ती कडक झाल्यावर त्यातच नवे छिद्र पाडावे. ओल्या गाभ्यात नुसती इपॉक्सी टोचल्याने ती लाकडाला धरत नाही आणि ओल आतच कोंडली जाते.

या पद्धतीला मर्यादा आहे. इंजिन बसवलेली मागची फळी आतून कुजली असेल आणि इंजिन हलवताच लवत असेल, तर ती बदलणेच भाग पडते. अशा फळीवर वरून लेप चढवून प्रवासी नेल्यास चालू प्रवासात ती इंजिनासह निखळू शकते.