गडावरची झाडं: काढायची कोणती, राखायची कोणती

पावसाळा सरत आला की सह्याद्रीतल्या जवळजवळ कुठल्याही गडाच्या तटाला पिंपळाची रोपं फुटलेली दिसतात. बुलबुल, तांबट, कोकीळ हे पक्षी वड-पिंपळ-उंबराची फळं खातात आणि बुरुजावर येऊन बसतात. विष्ठेतून पडलेलं खसखशीएवढं बी दगडाच्या फटीत जातं. तिथे वर्षानुवर्षांची माती साठलेली असते, चुन्याच्या दरजांत ओल टिकून असते. रुजायला या झाडांना एवढंच लागतं.

खरं नुकसान मूळ करतं. बारीक असताना ते फटीत शिरतं आणि मग दरवर्षी जाड होत जातं. मुळातून पाझरणाऱ्या आम्लांनी चुना सुटतो, मोकळ्या जागेत पाणी मुरतं, पाण्यामागून आणखी मुळं येतात. काही दशकांत भिंत पोटातून फुगते आणि एखाद्या मुसळधार पावसात ढासळते.

तेव्हा तटातला पिंपळ काढायलाच हवा. प्रश्न आहे तो कसा काढायचा याचा. नुसता कोयता चालवला तर पुढच्या पावसात एकाच्या जागी चार फुटवे येतात आणि आतलं मूळ वाढतच राहतं. मोठं झाड ओढून काढायला जावं, तर मुळांनी कवटाळलेले दगडही निखळून येतात. वीतभर रोप हातानेच उपटावं. मोठ्याचं खोड कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावं, मूळ पूर्ण मरू द्यावं आणि मग ती पोकळी चुन्यानेच भरावी. सिमेंट इथे घातक, कारण त्यातून ओल बाहेर पडत नाही आणि ती शेजारच्या जुन्या बांधकामात मुरते. संरक्षित स्मारकावर हे काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावं.

कधी कधी झाड आणि भिंत इतकी एकजीव झालेली असतात की झाड काढणंच जास्त धोक्याचं ठरतं. कंबोडियातल्या ता प्रोह्म मंदिरात प्रचंड झाडं जागच्या जागी राखून भोवतालचं बांधकाम सावरलं जातं. त्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचाही हात आहे.

आता गडाच्या दुसऱ्या हिरवाईकडे वळतो, कारण माझी खरी काळजी तिच्याविषयी आहे. श्रमदानाला उत्साहाने येणाऱ्या मंडळींना पुष्कळदा ‘सगळं गवत-झुडूप साफ करा’ एवढंच सांगितलेलं असतं. पण गड म्हणजे फक्त तट नव्हे. त्याचे कडे, कातळसडे म्हणजे उघड्या खडकाची पठारं, आणि टाक्यांचे काठ हे अशा वनस्पतींचं घर आहे, ज्या जगात इतरत्र कुठेच उगवत नाहीत.

शिवनेरीचंच पाहा. जुन्नर परिसरातल्या डोंगरांवर डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाला १८६०च्या दशकात एक मांसल रोप सापडलं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून त्याने ते ‘फ्रेरिया इंडिका’ म्हणून नोंदवलं. आपल्याकडे त्याला शिंदळमाकुडी किंवा शिवसुमन म्हणतात. शिवनेरी, वज्रगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर ते उरलं आहे आणि जगातल्या अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत त्याची गणना होते. फूल किरमिजी, चांदणीच्या आकाराचं, त्यावर पिवळे डाग.

या रोपाची जगण्याची तऱ्हा विलक्षण आहे. पावसाळ्यात त्याला पानं येतात आणि ती इतर बहुतेक झाडांसारखीच दिवसा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न तयार करतात. उन्हाळ्यात पानं गळतात, उरतं फक्त जाड, हिरवं खोड. हे खोड निवडुंगाच्या पद्धतीने चालतं. दिवसा आपली रंध्रं मिटून पाणी वाचवतं आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. सकाळी ऊन आलं की त्या साठ्यातून अन्न बनतं. एकाच रोपाच्या पानांत एक पद्धत आणि खोडात दुसरी, हे १९७७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं गेलं. बिनपानांचं हे खोड मे महिन्यात वाळक्या काटकीसारखं दिसतं, आणि श्रमदानाची शिबिरंही बऱ्याचदा उन्हाळ्यातच भरतात.

खरचुडी नावाच्या वनस्पतीच्या कित्येक जातींचंही तसंच. वर्षातले बरेच महिने त्या जमिनीखाली कंदाच्या रूपात असतात. पावसात वर येऊन कंदिलासारखी फुलं धरतात, त्यात बारीक माश्या काही काळ अडकून पडतात आणि सुटताना पराग घेऊन जातात. जिथे पायवाट रुंद करायला कुदळ मारली, तिथे खाली कंद असल्याचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. उघड्या कातळावर खड्डे खणून गुलमोहर लावणं हेही मला तितकंच चुकीचं वाटतं. सड्याला झाडांची उणीव नाही, उघडं असणं हाच त्याचा स्वभाव आहे. हटवायची असेल तर घाणेरी आणि रानमोडी हटवावी. त्या बाहेरून आल्या आहेत आणि स्थानिक रोपांची जागा खातात.

सरसकट साफसफाईने काय होतं, ते रोममध्ये दिसलं आहे. तिथल्या कोलोसियम या प्राचीन प्रेक्षागृहात उगवणाऱ्या वनस्पतींच्या ४२० जातींची नोंद रिचर्ड डीकिन या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने १८५५ मध्ये प्रसिद्ध केली होती. १८७०च्या दशकात पुरातत्त्वाच्या कामासाठी तिथली हिरवाई खरवडून काढली गेली. त्यातल्या पुष्कळ जाती त्या वास्तूत पुन्हा दिसल्या नाहीत. डीकिनची यादी होती म्हणून निदान काय गेलं ते तरी कळतं.

जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. आता डागडुजी वाढेल, निधी येईल, माणसांची वर्दळही वाढेल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात खरचुडीच्या जाती जतन केल्या आहेत, पण कड्यावरची जागा गेली तर ती रोपं परत लावायची कुठे? त्यामुळे प्रत्येक गडावर कामाचा क्रम बदलायला हवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सगळं पानाफुलांवर असताना, जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांना सोबत घेऊन गड फिरावा. तटातले पिंपळ-वड आणि कड्यावरची दुर्मीळ रोपं यांची जागेनिशी नोंद नकाशावर करावी. हिवाळ्यात कोयता हाती घेणाऱ्या प्रत्येक गटाकडे तो नकाशा असावा.